सदर मासा अर्जदाराचा नव्हे

"फॉर्म मी भरतो," असं मी म्हणालो. माझा गुन्हा विचाराल तर एवढाच. पुढचं सगळं त्यातून आपोआप घडत गेलं.

त्याचं असं झालं. आमची ही एका कारखान्यात क्रेन चालवते. छताखालच्या रुळांवरून फिरणारी भली मोठी क्रेन. वर काचेच्या केबिनमध्ये बसून ती वीस-वीस टनांची लोखंडी भेंडोळी उचलते आणि खालच्या माणसाच्या टोपीलाही धक्का न लावता हवी तिथे ठेवते. मी एका कचेरीच्या नोंदणी विभागात बावीस वर्षं कारकून आहे. मी फायली उचलतो. (जाड असल्या तर दोन्ही हातांनी.)

हिच्या नोकरीला वीस वर्षं झाली म्हणून कारखान्याने तिला दोन आठवड्यांची रजा दिली. मी म्हटलं, या रजेत घराला रंग काढून घेऊ.

"रंग पुढच्या वर्षी," ती म्हणाली. "मी ट्यूना धरायला जाणार."

तिच्या वडिलांनी तिला लहानपणी तळ्याकाठी बसवून गळ टाकायला शिकवलं होतं. लग्न झालं, नोकरी लागली, तळं मागे राहिलं. पण डोक्यातून मासा काही गेला नाही. बंदरावरून आठ-आठ दिवसांसाठी खोल समुद्रात जाणाऱ्या बोटी सुटतात. हौशी लोक त्यांवर जागा घेतात आणि माणसाएवढे ट्यूना धरून आणतात. बंदरातल्या कचेरीबाहेर एक मोठा फळा आहे. हंगामातला सर्वांत मोठा मासा, त्याचं वजन, धरणाऱ्याचं नाव आणि फोटो त्याच्यावर लागतो.

"मला त्या फळ्यावर माझं नाव बघायचंय," ती म्हणाली. "आयुष्यात एकदा."

बायको आयुष्यात एकदा म्हणून काही मागते, तेव्हा शहाणा नवरा 'बरं' म्हणतो. मी 'बरं' म्हणालो, इथवर सगळं ठीक होतं. मग म्हणालो, "फॉर्म मी भरतो."

फॉर्मवर पहिला रकाना होता अर्जदाराचा. बावीस वर्षांच्या सवयीने मी तिथे माझं नाव लिहिलं आणि खाली 'सोबतची व्यक्ती' या रकान्यात तिचं.

"ट्रिप माझी, मग अर्जदार तुम्ही कसे?" तिने विचारलं.

"अगं, फॉर्मला काय कळतंय? कुणीतरी अर्जदार लागतो."

ती काही बोलली नाही. (आमच्या घरात ती काही बोलली नाही की प्रकरण मिटलं, असं मी चोवीस वर्षं समजत आलो होतो.) बोटीवर मला अकरा नंबर मिळाला आणि तिला बारा.

आता माझी एक खोड सांगायला हवी. मला हिला मदत करायची असते. ती डब्याचं घट्ट झाकण फिरवत असली की माझे हात शिवशिवायला लागतात आणि झाकण सुटायच्या बेताला मी डबा हिसकावून घेतो. ती स्कूटर लावत असली की मी मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करतो. स्कूटरला मागे जो पोचा आहे, तो त्यातलाच. माझा हेतू चांगला असतो. पोचा पडताना हेतू कुणी बघत नाही.

पहिल्या दिवशी कप्तानाने सगळ्यांना मागच्या डेकवर उभं केलं. माणूस बुटका, आवाज दोन माणसांचा.

"नियम दोनच आहेत. एक. मासा लागला की रॉड, रीळ आणि दोरी, तिन्हीला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. लागला तर मासा खायला तुमचा, फळ्याला बाद. बोटीशी आल्यावर आमची माणसं आकड्याने वर घेतील, तेवढं चालतं. दोन. मासा वर आला की लगेच त्याच्या कल्ल्यात आपल्या नंबरचा बिल्ला अडकवायचा. ज्याचा नंबर, त्याचा मासा. खाली थंड खाऱ्या पाण्याचं कोठार आहे, त्यात एकदा गेले की सगळे मासे सख्खे भाऊ दिसतात. कोठार उघडणार थेट बंदरावर. कळलं?"

"कळलं," मी सगळ्यांच्या आधी म्हणालो.

पहिले दोन दिवस बोट नुसती चालत होती आणि मी कठड्याला धरून समुद्राला जे द्यायचं ते देत होतो. ही मात्र ताठ. क्रेनच्या केबिनमध्ये वीस वर्षं झुलणारी बाई, तिला लाटा काय करणार? ती बोटीवरच्याच एका दातांच्या डॉक्टरांकडून गाठी मारायला शिकली, आचाऱ्याशी गप्पा मारून आली आणि अधूनमधून माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली.

तिसऱ्या दिवशी मासे लागले. तिचा रॉड कठड्याच्या खोबणीत उभा होता, ती बुटाची नाडी बांधायला वाकली आणि नेमकी तेव्हाच रीळ किंचाळायला लागली. मी शेजारीच होतो. मी काय केलं असेल, तुम्ही ओळखलंच असेल. मी झेप घेतली आणि दोन्ही हातांनी रॉड धरला.

"सोडा!" ती ओरडली.

"धरलाय! धरलाय मी!"

"अहो, धरलाय म्हणूनच सोडा म्हणतेय!"

पासष्ट किलोंचा मासा निघाला. फळ्याला बाद. आकडेवाली ताई म्हणून एक धिप्पाड खलाशीण होती, तिनं मासा कोठारात सोडता सोडता माझ्याकडे असं बघितलं की मीही कोठारात उतरावं असं मला वाटलं. हिने मला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, उलट उतरवला. ती तशी बोलायला लागली की मी घाबरतो.

"मला एक मासा स्वतःचा धरायचाय. तुमच्या मदतीशिवाय. एवढं कराल माझ्यासाठी?"

"काय करू?"

"काही करू नका."

मी कानाला खडा लावला. हाताची घडी, तोंडावर बोट.

पाचव्या दिवशी, सकाळची न्याहारी होऊन तासही झाला नसेल, तिने आमिषाचा जिवंत मासा पाण्यात सोडला आणि दहा मिनिटांत तिच्या दोरीने जी धाव घेतली ती थांबेचना. रिळावरची निम्मी दोरी गेली. कप्तान वरच्या केबिनमधून खाली आला. त्याने दोरीकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे.

"तुम्ही," तो म्हणाला, "ही बादली धरा. दोन्ही हातांनी. मासा वर येईपर्यंत सोडायची नाही."

बादलीत समुद्राचं पाणी होतं. ते कशासाठी, हे मी विचारलं नाही. (पुढे ताईकडून कळलं की कशासाठीच नव्हतं.)

मग सुरू झाली मिरवणूक. मासा डावीकडे गेला की ही कठड्याने डावीकडे, मागे मी आणि बादली. मासा बोटीच्या नाकाकडे गेला की आम्ही दोघं आणि बादली नाकाकडे. वाटेत दुसऱ्यांच्या दोऱ्या आल्या की ताई ओरडायची, "बाईंचा रॉड वरून! डॉक्टर, तुम्ही खालून!" आणि मंडळी वाकून वाट करून द्यायची. ती वाकायची, मी अडकायचो. एक तास झाला. हिने घाई केली नाही. दोरी देत होती, घेत होती, पुन्हा देत होती. खाली मासा नसून भेंडोळं आहे आणि भेंडोळ्याखाली माणूस उभा आहे, अशी तिची धरण्याची रीत होती. चोवीस वर्षांत तिला काम करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मला फार अभिमान वाटला आणि थोडी भीतीही.

दीड तास झाल्यावर ती म्हणाली, "अहो, पाणी."

अखेर बादलीचं प्रयोजन कळलं! मी पुढे झालो आणि अख्खी बादली तिच्या डोक्यावर ओतली.

"प्यायला!" ती नाकातोंडातलं खारं पाणी थुंकत म्हणाली.

डॉक्टरांनी बाटली तिच्या तोंडाला लावली. (बाटलीला हात लावायला मला बंदी नव्हती, पण कुणी दिलीच नाही.) मला बादली पुन्हा भरून देण्यात आली.

दोन तास वीस मिनिटांनी खाली निळ्या पाण्यात काहीतरी रुपेरी गोल फिरताना दिसलं. "आता नाही होत," ती पुटपुटली, आणि ते फक्त मला ऐकू आलं. माझ्या बोटांना त्या क्षणी जे वाटलं, ते मी कुणाला सांगू शकणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात, तसं झालं. मी बादलीची कडी इतकी घट्ट आवळली की तिचं एक टोक निघून हातात आलं.

"होईल," मी म्हणालो. "सावकाश. टोपीला धक्का न लावता."

ती हसली. हसता हसता तिने शेवटची दहा हात दोरी घेतली, ताईचा आकडा पाण्यात गेला, आणखी दोघांचे आकडे गेले आणि तो अवाढव्य मासा डेकवर येऊन पडला. सगळी बोट टाळ्या वाजवत होती. ही खाली बसली आणि चक्क रडायला लागली. मीही रडलो. बादली उलटून पाणी कप्तानाच्या बुटांत गेलं.

तेवढ्यात डॉक्टरांच्या आणि आणखी दोघांच्या रॉडला एकदम मासे लागले. ताई आकडा घेऊन तिकडे धावली आणि जाता जाता ओरडली, "बिल्ला लावा कुणीतरी!"

कुणीतरी! अडीच तास ज्याला काहीच करू दिलं नव्हतं, त्याला काम मिळालं. बिल्ल्यांच्या पिशव्या खुंट्यांवर टांगलेल्या होत्या. मी धावलो, बिल्ला काढला, कल्ल्यात नीट अडकवला, दोनदा ओढून बघितला. पक्का होता. मासा कोठारात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ जात नव्हता म्हणून मी माझ्या पिशवीतले बिल्ले मोजले. प्रत्येकाला दहा दिलेले. सहा दिवसांत मी एकही मासा धरला नव्हता. बिल्ले भरले नऊ.

मी पुन्हा मोजले. मग उलटीकडून मोजले. बावीस वर्षांत माझ्या हातून एक नोंद चुकलेली नाही, आणि चुकली ती ही! दोन खुंट्या शेजारीशेजारी होत्या, आणि माझा हात न विचारता आधी माझ्याच नावाकडे गेला होता. मी धावत कठडा गाठला. या वेळी समुद्राचा काही दोष नव्हता. तिचा मासा, तिचा फळा, तिचं आयुष्यात एकदाचं नाव, सगळं खाली अंधारात माझ्या नंबरावर पडलं होतं.

मी कप्तानाला गाठलं.

"कोठार पाच मिनिटं उघडता येईल का?"

"नाही."

"एक बिल्ला बदलायचाय फक्त."

"त्याच्यावर चाळीस मासे पडलेत. बंदरावर बघू." तो सुकाणू सांभाळत होता. मी तिथेच घुटमळत राहिलो, तेव्हा मला वाटेला लावायला म्हणाला, "मग लेखी द्या."

पुढे मला कळलं की ही बोलण्याची एक पद्धत आहे. पण कारकुनाला 'लेखी द्या' म्हणणं म्हणजे तहानलेल्याला विहीर दाखवणं. मी माझ्या झोपायच्या बंकवर बसून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. तीन प्रती. एक कप्तानाला, एक माझ्या संग्रही आणि एक माहितीसाठी आचाऱ्याला, कारण प्रवाशांची यादी त्याच्याकडे असायची. आचारी व्यवस्थित माणूस. हातात आलेला प्रत्येक कागद तो जेवणघराच्या भिंतीवर, आजच्या जेवणाच्या पाटीशेजारी टाचत असे.

मी दुपारी जेवायला गेलो तेव्हा सगळे भिंतीकडे तोंड करून उभे होते. ही सर्वांत पुढे होती आणि मोठ्याने वाचत होती.

"विषय: मासा अनवधानाने अर्जदाराच्या नावे नोंदला गेल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की, काल रोजी अर्जदाराच्या पत्नीने धरलेल्या माशास अर्जदाराने अर्जदाराचा बिल्ला लावला आहे. सदर मासा अर्जदाराचा नव्हे. तरी सदर मासा अर्जदाराच्या पत्नीच्या नावे वर्ग करण्यात यावा. कळावे, आपला विश्वासू, अर्जदार."

"आयत्या बिळावर नागोबा!" मागून डॉक्टर म्हणाले. कुणी हसलं नाही.

"चूक झाली गं," मी म्हणालो. "घाईत झाली. पण दुरुस्तीचा अर्ज केलाय ना मी."

"अर्जदार किती वेळा आलाय यात?"

मी मोजलं. "सात."

"आणि माझं नाव?"

मी पुन्हा मोजलं. मोजण्यासारखं काही नव्हतं.

"बिल्ल्याचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "घाईत कुणाचाही हात चुकतो. पण हे तर तुम्ही निवांत बसून लिहिलंत, तीन प्रतींत. घर तुमच्या नावावर, फोन तुमच्या नावावर, माझी स्कूटर तुमच्या नावावर. फॉर्म तुम्ही भरता म्हणून मी कधी बोलले नाही. मला वाटलं, मासा तरी माझ्या नावावर होईल. तो माझ्या नावावर करून द्यायच्या अर्जातसुद्धा मला नाव नाही."

ती ताट घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली. मला माझी लाज वाटली. खोटं कशाला सांगू, साठीकडे झुकलेल्या माणसाला वाटावी त्यापेक्षा बरीच जास्त वाटली. चोवीस वर्षं मी तिला मदत करत होतो आणि प्रत्येक मदतीवर पावतीसारखं माझं नाव टाकत होतो.

मी आचाऱ्याकडून नवा कागद मागितला. या वेळी 'अर्जदार' हा शब्द मनात आला की मी जीभ चावायचो. सुरुवातीला तिचं नाव लिहिलं. मध्येही तिचं नाव, शेवटीही तिचंच. जिथे नावाची गरज नव्हती तिथेही लिहिलं. खाली लिहिलं, 'आम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिलं आहे' आणि कागद घेऊन बोटभर फिरलो. डॉक्टरांनी सही केली, ताईने केली, आचाऱ्याने केली. काहींच्या बोटांना खवले चिकटलेले होते, त्यामुळे तो कागद जरा चमकत होता. शेवटी मी कोपऱ्यातल्या टेबलाशी गेलो आणि तो तिच्यापुढे ठेवला.

तिने शांतपणे वाचला.

"माझं नाव अकरा वेळा आलंय," ती म्हणाली.

"जास्त झालं का?"

"राहू दे. मागचं धरून बरोबर होईल."

आणि तिने माझ्यासाठी सरकून जागा केली.

पण कागदाने बोट जिंकली तरी फळा बंदराचा. आठव्या दिवशी दुपारी बोट धक्क्याला लागली, कोठार उघडलं आणि मासे नंबरवार लागले. बारा नंबरच्या ढिगापाशी ती उभी होती. अकरा नंबरच्या जागी एकच मासा होता, डोंगराएवढा, आणि त्याच्याशेजारी मी. वजनकाट्यावरच्या बाई चष्मा नाकावर आणि पेन्सिल कानावर ठेवून आल्या. आमचा चमकणारा कागद त्यांनी वाचला, उलटा करून मागची बाजू वाचली.

"नियम नंबरचा आहे," त्या म्हणाल्या. "सह्यांचा नाही."

माझ्या मागे ही जागच्या जागी थिजली. मला न बघताही ते कळलं.

"अकरा नंबर कोण?"

"मी."

"हा मासा तुम्हाला लागला?"

"नाही."

"तुम्ही रॉड धरला?"

"नाही."

"रिळाला हात लावलात?"

"नाही हो."

"दोरीला?"

"शपथेवर नाही."

"मग अडीच तास तुम्ही करत काय होतात?"

"बादली धरली होती."

"कशासाठी?"

"कशासाठीच नाही."

धक्क्यावरची झाडून सगळी माणसं हसत होती. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे निरखून बघितलं. इतका निरुपयोगी साक्षीदार खोटं बोलणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. "जो स्वतःच्या तोंडाने सांगतो की त्याने काहीच केलं नाही, त्याच्या नावावर मी मासा कसा लावू?" असं म्हणत त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, अकरावर काट मारली आणि हिला विचारलं, "नाव सांगा."

हिने नाव सांगितलं. पूर्ण, खणखणीत, पार मागच्या बोटीवरही ऐकू जाईल असं. काट्याने एकशे चार किलो दाखवले. त्या हंगामात तेवढा मासा कुणी आणला नव्हता.

मासा शेपटीला बांधून फळ्यासमोर उलटा टांगला. शेजारी ही उभी राहिली, खारट केस, सालटी निघालेले हात आणि कानापासून कानापर्यंत हसू. फोटो निघणार तेवढ्यात तिने मला हाक मारली.

"अहो, तुम्हीही या ना!"

मी धावत जाऊन माशाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलो, छाती पुढे, पोट आत. वाऱ्याने मासा जरासा हलत होता. फोटो खराब होऊ नये म्हणून मी त्याला हलकेच आधार दिला. बाईंनी बटण दाबलं.

तो फोटो फळ्यावर लागला आणि त्याची एक प्रत आमच्या हॉलमध्ये, दारातून आत आल्याबरोबर दिसेल अशी लावली आहे. त्यात ती आहे, पूर्ण. मासा आहे, पूर्ण. खाली ठळक अक्षरांत तिचं नाव आहे. येणारे-जाणारे तोंडभर कौतुक करतात, मग जवळ जाऊन चष्मा सावरत विचारतात, "आणि माशामागून हा हात आलाय, तो कुणाचा?"

"आमचे हे," ती कौतुकाने सांगते.

मनगटापर्यंत आलोय मी.